शेड मिळेल, वीज मिळेल, सेटरचं काय? इंडियानाच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर माइक ब्रॉन
आणि इंडियाना आर्थिक विकास महामंडळाचे सर्व सदस्य,
इंडियानापोलिस.

स. न. वि. वि.

मी कोलंबसमध्ये राहते. ओहायोतलं कोलंबस नव्हे, आपल्या इंडियानातलं, बार्थोलोम्यू काउंटीतलं, पन्नासेक हजार वस्तीचं. हे पत्र मी मराठीत लिहिते आहे आणि त्याची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीला वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहिण्याचं कारण असं की या गावात पुणे-पिंपरीकडून आलेली माझ्यासारखी बरीच घरं आहेत आणि त्यांतली बहुतेक 'आपण परके, आपण कशाला बोला' म्हणून गप्प बसतात. शिवाय तुम्हाला बाहेरून जे कारखानदार इथे यायला हवे आहेत, त्यांतले कितीतरी भोसरीत, चाकणला, सातपूरला, शिरोलीत बसून मराठीतच हिशेब मांडतात. त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

गेल्या फेब्रुवारीत भोसरीचे एक कारखानदार माझ्या घरी चार दिवस राहून गेले. माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र, म्हणून मी त्यांना दादाच म्हणते. वीसेक माणसांचं वर्कशॉप, सहा सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीनं), दोन ग्राइंडर. डिझेल इंजिनाला लागणारे बुश, पिना, व्हॉल्व्ह गाइड असे लहान भाग ते करतात. त्यांचा माल दोन-तीन हातांतून फिरून शेवटी अमेरिकेत पोचतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं, पुढे दर बदलत राहिले, आणि आज पाठवलेल्या मालाला बंदरात उतरताना काय लागेल हे सांगणं कुणालाच जमेना. तेव्हा दादांनी ठरवलं, निदान शेवटचं मशीनिंग तरी अमेरिकेतच करायचं. दोन मशीनं, सात-आठ माणसं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी बॅगेतून मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पितळी बुश काढला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. "आतला व्यास बघ, आठ मायक्रॉनच्या आत," एवढंच म्हणाले. माझ्या सासूबाईंनी तो उचलून दिव्याखाली धरला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "देवघरातल्या घंटेसारखा लागतोय हाताला."

दुसऱ्या दिवशी आम्ही आय-६५ महामार्गाच्या कडेला एक रिकामी शेड पाहायला गेलो. दाखवणारा माणूस फार सज्जन होता. भाडं सांगितलं, छताची उंची सांगितली, फरशी किती टनाचा भार घेते ते सांगितलं. वीज ४८० व्होल्ट, थ्री-फेज. दादांची भोसरीतली मशीनं ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, इथे ६० हर्ट्झ. म्हणजे तिथली उचलून आणण्यात अर्थ नव्हता, नवीच घ्यावी लागणार होती. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. थंडी उणे अकरा सेल्सिअस होती आणि ते माकडटोपी घालून त्या मोकळ्या शेडमध्ये पावलांनी लांबी-रुंदी मोजत होते. परत येताना गाडीत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेडचं कळलं, विजेचं कळलं, कराचं तर तू आधीच सांगितलं होतंस. पण माझ्या सेटरचं काय गं?"

सेटर म्हणजे काय, हे वर्कशॉपमध्ये कधी न गेलेल्या वाचकांसाठी सांगते. मशीन चालवणारा वेगळा आणि मशीन लावून देणारा वेगळा. नवा जॉब आला की टूल बसवणं, ऑफसेट देणं, पहिला पीस काढून तो तपासून पास करून घेणं, हे सेटरचं काम. मापात मायक्रॉनचा फरक पडला तर कुठला खिळा ढिला आहे, ते त्याला आवाजावरून कळतं. दादांचा सेटर आयटीआय झालेला आहे आणि एकोणीस वर्षं त्यांच्याकडे आहे. "तो इथे सहा-आठ महिने उभा राहिला नाही, तर इथल्या पोरांना शिकवणार कोण? मी? मी तर चेकवर सही करणारा."

गव्हर्नरसाहेब, माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. तुमचं राज्य शेड देतं, रस्ता देतं, करसवलत देतं. पण धंदा माणसाच्या हातातून येतो, आणि तो हात ज्याचा, त्याला बायको असते, मुलं असतात, दाढदुखी असते, घरभाडं असतं. त्या माणसासाठी आपल्याकडे काय आहे?

तुम्हाला हा प्रश्न नवा वाटू नये, कारण तुम्ही स्वतः जॅस्परसारख्या लहान गावात वाहनांच्या सुट्या भागांचा धंदा वाढवलेला आहे. आणि या राज्याने या प्रश्नाचं उत्तर पूर्वी एकदा फार चांगलं दिलेलं आहे. तेही माझ्याच गावात.

कोलंबसमध्ये १९१९ साली क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने आणि त्याच्यामागे पैसा घेऊन उभे राहिलेल्या डब्ल्यू. जी. अर्विन या बँकरने डिझेल इंजिनांची कंपनी काढली. पुढे अर्विन यांचे नातू लागणारे जे. अर्विन मिलर यांच्याकडे ती आली. मिलर यांच्यासमोर अडचण अशी होती की मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एवढ्याशा गावात चांगले अभियंते यायला आणि आले तर राहायला तयार कसे होतील? १९५० च्या दशकात त्यांनी गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. शाळा बांधायची असेल तर आम्ही देऊ त्या यादीतला नामांकित वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी आमचं फाउंडेशन भरेल. शाळांपासून सुरू झालेली ही गोष्ट अग्निशमन केंद्रापर्यंत गेली. आज आमच्या वाचनालयाची इमारत आय. एम. पेई यांची आहे, तिच्यासमोरच्या चौकात हेन्री मूर यांची ब्राँझची मोठी कमान आहे, आणि शनिवारी सकाळी त्या कमानीखालून माझ्या ओळखीची मराठी, तेलुगू, मेक्सिकन, जपानी पोरं पळापळी करत असतात. मिलर यांनी आधी मुलांच्या शाळेचा विचार केला. अभियंता नोकरी बघून येतो, पण त्याचं कुटुंब शाळा बघून राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पुण्यात घडला. १९६२ मध्ये याच कंपनीने किर्लोस्करांबरोबर कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स हा कारखाना काढला. तेव्हाचं कोथरूड म्हणजे गावाबाहेरचा माळ. कारखान्याने तिथे नुसती इंजिनं बनवली नाहीत. त्याला माल पुरवता पुरवता भोसरी-पिंपरीत लहान लहान वर्कशॉपं उभी राहिली. दादांच्या वडिलांनी पहिली लेथ घेतली ती अशाच एका पुरवठादाराच्या भरवशावर. आणि १९९१ मध्ये कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मुलींसाठीचं अभियांत्रिकी महाविद्यालय कमिन्सच्या मदतीने सुरू झालं. मी त्याच महाविद्यालयात शिकले. माझे वडील पोस्टात होते आणि मुलीला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही यावर आमच्या घरी महिनाभर चर्चा चालली होती. मुलींचं कॉलेज आहे, एवढ्या एका गोष्टीवर आजीने होकार दिला. इंडियानाच्या एका गावातून निघालेला पैसा कर्वेनगरपर्यंत पोचला नसता, तर हे पत्र लिहायला मी इथे नसते. परकी गुंतवणूक रुजते म्हणजे काय, हे मला अहवाल वाचून कळलेलं नाही. मी त्या रोपाचंच एक पान आहे.

तुमच्या आधीच्या गव्हर्नरांनीही हे जाणलं होतं. १९८० च्या दशकात रॉबर्ट ऑर यांनी जपानशी संबंध जोडले, आणि १९८९ मध्ये लाफायेटच्या सुबारू-इसुझू कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९९० मध्ये आमच्या कोलंबसमध्ये टोयोटाच्या फोर्कलिफ्ट बनू लागल्या, १९९८ मध्ये प्रिन्स्टनला टोयोटाचे ट्रक, २००८ मध्ये ग्रीन्सबर्गला होंडाच्या सिव्हिक. ग्रीन्सबर्गच्या न्यायालयाच्या मनोऱ्यावर दगडाच्या फटीतून एक झाड उगवलेलं आहे. पाहुण्यांना मी ते आवर्जून दाखवायला नेते. दादा मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. "पिंपळ असता तर आमच्याकडे भिंत फोडली असती त्याने," म्हणाले.

जपानी कंपन्या टिकल्या त्याचं एक कारण कुणी फारसं बोलून दाखवत नाही. अमेरिका आणि जपान यांच्यात १९५३ पासून करार आहे, त्यामुळे जपानी कंपनीला मालक, व्यवस्थापक आणि खास कौशल्याची माणसं ई-२ व्हिसावर आणता येतात आणि गुंतवणूक चालू आहे तोवर तो व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवता येतो. त्यांचा सेटर येऊ शकतो. त्यांच्या मुलांसाठी इंडियानापोलिसमध्ये शनिवारची जपानी शाळा आहे, म्हणजे चार वर्षांनी परत गेल्यावर मूल वर्गात मागे पडत नाही. भारताशी असा करार नाही. भारतीय कारखानदाराला ई-२ मिळत नाही. एच-१बी पदवीधरांसाठी आहे, आयटीआयवाल्यासाठी नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून आणायच्या नव्या माणसामागे त्यावर एक लाख डॉलरची रक्कम लागली, तेव्हा लहान कंपनीने तिकडे बघायलाच नको. उरतो एल-१, म्हणजे कंपनीने आपल्याच परदेशातल्या माणसाची इथे बदली करायचा व्हिसा. नव्या कचेरीसाठी तो पहिल्या खेपेला एकच वर्ष मिळतो, आणि 'या माणसाचं ज्ञान खास आहे' हे कागदावर सिद्ध करावं लागतं. एकोणीस वर्षांचा हात कागदावर कसा सिद्ध करायचा, हे दादांनी मला विचारलं. मी निरुत्तर झाले.

हे सगळं वॉशिंग्टनच्या हातात आहे, मला मान्य. पण राज्य काहीच करू शकत नाही, हे मला मान्य नाही.

दादा इथे असतानाच आम्ही एका कचेरीला लिहिलं होतं. कुठली ते महत्त्वाचं नाही. वागणूक सौजन्याची होती. उत्तरात एक फॉर्म आला. त्यात 'किती गुंतवणूक करणार' यासाठी पर्याय होते आणि सगळ्यात लहान पर्यायसुद्धा दादांच्या बेतापेक्षा मोठा होता. 'किती नोकऱ्या' या रकान्यात आठ हा आकडा लिहिताना त्यांचा हात अडखळला, ते मी पाहिलं. दोन आठवड्यांनी एक ओळीचं उत्तर आलं की सध्या तुमच्या प्रकल्पाला लागू पडेल अशी योजना नाही. दादा तोवर भोसरीला परतले होते. त्यांनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं. वीस माणसांचे पगार महिन्याच्या सात तारखेला चुकू न देणारा माणूस आहे तो. त्या "बरं"चं मला अजून वाईट वाटतं.

मोठ्या प्रकल्पांना माझा विरोध नाही. कोकोमोला सॅमसंग एसडीआय आणि स्टेलांटिसचा बॅटरी कारखाना आला, वेस्ट लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठाच्या शेजारी एसके हायनिक्स या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये जवळजवळ ३.८७ अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर केला, याचा मला आनंदच आहे. पण मोठ्याच्या मागे धावताना काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. लेबननजवळच्या लीप औद्योगिक क्षेत्रासाठी २०२३ मध्ये लाफायेटकडच्या भूजलातून पाणी आणण्याचा बेत पुढे आला, तेव्हा तिथले शेतकरी आणि रहिवासी उभे राहिले. त्यांना कुणी आधी विचारलं नव्हतं. मी मूळची दुष्काळी तालुक्यातली आहे. माझ्या आजोळी टँकरची वाट बघत बायका हंडे रांगेत ठेवायच्या, आणि धरणाचं पाणी आधी कारखान्याला की शेताला, या भांडणात गावं दुभंगलेली मी पाहिली आहेत. ज्या उद्योगाचं पहिलं पाऊल शेजाऱ्याच्या विहिरीवर पडतं, त्याला त्या मुलखात कुणी आपलं म्हणत नाही. एसके हायनिक्ससाठी जमीनवापर बदलायची वेळ आली तेव्हाही शेजाऱ्यांनी मोठा विरोध केला, त्यामागे हाच न विचारल्याचा सल होता असं मला वाटतं.

आणि इलिनॉयपलीकडचं विस्कॉन्सिन तर डोळ्यांसमोर आहे. २०१७ मध्ये फॉक्सकॉनने तिथे दहा अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांचं वचन दिलं. त्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, रस्ते रुंद झाले. २०२१ मध्ये करार पुन्हा लिहिला गेला तेव्हा नोकऱ्या राहिल्या १,४५४. तेवढ्या नोकऱ्या प्रत्येकी आठ-दहा माणसांच्या दीडेकशे वर्कशॉपांतून येतात, आणि त्यातली दहा बुडाली तरी बाकीची उभी राहतात.

तुम्ही गव्हर्नर झाल्यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये महामंडळाच्या कारभाराची फॉरेन्सिक तपासणी, म्हणजे गैरव्यवहार शोधणारी हिशेबतपासणी, करायला सांगितलीत. तो निर्णय मला आवडला. म्हणूनच ही वेळ मी योग्य समजते. हिशेब तपासताना आतापर्यंत कुणाला किती दिलं हे पाहिलं जातं. कोण दारातून परत गेला, याचीही नोंद एकदा काढून बघा.

पुण्याच्या भारत फोर्जने अमेरिकेत नवा अ‍ॅल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना काढला तो नॉर्थ कॅरोलिनात, सॅनफर्डला. त्यांनी तेच का निवडलं हे मला माहीत नाही, आणि प्रत्येक कंपनीचे आपले हिशेब असतात. पण ज्या राज्याचं पुण्याशी साठ वर्षांहून जुनं नातं आहे, जिथल्या गावात पुण्याच्या गल्ल्यांची नावं सांगितली की माणसं ओळखीचं हसतात, त्या राज्याचं नाव पुण्याच्या कारखानदाराला आधी आठवायला हवं. इन्फोसिसने २०१७ मध्ये इंडियानात दोन हजार नोकऱ्या देण्याचं जाहीर केलं आणि इंडियानापोलिसच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर आपलं केंद्र उभारलं, तेव्हा भारतात इंडियानाचं नाव थोडं तोंडी आलं. पण ते संगणकवाल्यांच्या. लेथवाल्यांपर्यंत अजून पोचलेलं नाही.

आता तुमच्या हातातलं काय आहे, ते मला दिसतं तसं सांगते.

माझ्या शेजारी नाशिकची एक मुलगी राहते. दंतवैद्य आहे, तिकडे सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. नवरा इथल्या एका कारखान्यात. तिची उपकरणांची पेटी अजून कपाटात वरच्या फळीवर आहे. मध्ये एकदा धूळ पुसायला तिने ती खाली काढली, उघडली, आणि पुन्हा जशीच्या तशी बंद करून ठेवली. मी तिथेच होते. इथे परवाना मिळवायचा तर पुन्हा दोन-तीन वर्षं शिकायचं, त्याची फी भरायची, आणि व्हिसाच्या भरवशावर एवढं कर्ज कुणी देत नाही. नवऱ्याला मिशिगनमधून बोलावणं आलं की हे कुटुंब जाईल, आणि जाण्याचा निर्णय ती घेईल, तो नव्हे. व्यवसायाचे परवाने राज्य देतं. टेनेसीने २०२३ मध्ये परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी देखरेखीखाली काम करत पूर्ण परवान्यापर्यंत पोचायची वाट कायद्याने मोकळी केली. आपण दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक यांच्यासाठी तशी वाट का काढू नये? परीक्षा कडक ठेवा. पण परीक्षेपर्यंत पोचता तरी येऊ दे.

दुसरं, लहान परदेशी कारखानदारासाठी एक माणूस नेमा. योजना नको, पोर्टल नको, माणूस. ज्याला फोन केला की तो उचलतो, आणि सांगतो की बँकेत खातं कसं उघडायचं, सोशल सिक्युरिटी क्रमांक यायच्या आत घर भाड्याने कोण देतं, क्रेडिटचा इतिहास नसलेल्या सेटरची हमी कोण घेईल, आयव्ही टेक कॉलेजातली कुठली पोरं सीएनसी शिकून बाहेर पडत आहेत. फोन पुण्याच्या वेळेत उचलला जावा. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा भोसरीत संध्याकाळची पाळी सुरू असते. वेळेच्या बाबतीत या राज्याने उद्योगांसाठी बदल केल्याचा दाखलाही आहे. २००६ पर्यंत इंडियानाच्या बहुतेक भागात घड्याळं पुढे-मागे करत नसत, आणि बाहेरच्या कंपन्यांचा गोंधळ व्हायचा. वाद झाले, पण बदल झाला.

विमानांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्ही प्रयत्न करत आहात. इंडियानापोलिसहून पॅरिसचं थेट विमान २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२० मध्ये थांबलं, २०२५ पासून डब्लिनचं आहे. चांगलं आहे. टिकवा.

आणि तिसरं, जे कायदा नव्हे पण कायद्याइतकंच लागतं: तुमचा आवाज. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमच्या आधीचे गव्हर्नर एरिक होलकॉम्ब आणि युटाचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी मिळून जाहीर लेख लिहिला होता. आपल्या राज्यात रिकाम्या असलेल्या जागांसाठी परदेशी माणसांना प्रायोजित करण्याचा अधिकार राज्यांना द्या, असं त्यांनी मागितलं होतं. तो लेख मी छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला होता. ती मागणी तुम्ही पुन्हा हातात घ्या. भोसरीच्या सेटरला इंडियाना स्वतः बोलावू शकलं, तर ई-२ नसल्याची अर्धी अडचण संपते.

जॉर्जियात ४ सप्टेंबर २०२५ रोजी ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला. ४७५ माणसं पकडली, त्यांत तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे. बहुतेक यंत्रं बसवायला आलेले. कुणाच्या कागदात काय चूक होती, यावर मी बोलत नाही. पण हातापायांत साखळ्या घातलेल्या त्या माणसांची चित्रं पुण्यातही घरोघरी पाहिली गेली. दादांच्या सेटरच्या बायकोने ती पाहिली. "तुम्ही नाही जायचं," असं ती त्याला म्हणाली, हे दादांनी मला मार्चमध्ये सांगितलं. कोकोमोला आणि वेस्ट लाफायेटलाही कोरियन माणसं यंत्रं बसवायला येणार आहेत. आपल्या राज्यात काम करायला येणाऱ्याचे कागद कोणते लागतात, ते आधी तपासून देण्याची सोय राज्याने करावी आणि तसं उघडपणे सांगावं. त्या एका आश्वासनाची किंमत कुठल्याही करसवलतीपेक्षा जास्त आहे, कारण ते आश्वासन त्या बाईपर्यंत पोचतं. ४.९ टक्के कॉर्पोरेट कर तिच्यापर्यंत पोचत नाही.

माझ्या घरचंही लिहिते. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा आम्ही इथे आलो. आता तो सतरा वर्षांचा आहे. हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, आजीशी अजून मराठीत बोलतो. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होऊन रांगेत पडलेला आहे. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांच्या वर कार्डं द्यायची नाहीत, असा नियम असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांची ही रांग दशकांच्या मापाने मोजतात. एकविसाव्या वर्षी तो आमच्या अर्जावरून उतरेल आणि त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल, नाहीतर ज्या देशाची त्याला फक्त उन्हाळ्याची सुट्टी आठवते, तिथे जावं लागेल. तो गेला तर मी इथे राहणार नाही. माझ्या ओळखीत असं ठरवलेली आणखी घरं आहेत, आणि त्यांच्या हातांखालून या गावातली यंत्रं तयार होतात. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, गव्हर्नरसाहेब. रात्री जेवणं झाल्यावर आमच्या टेबलावर जे बोललं जातं, ते तुम्हाला कळवते आहे.

आपल्या राज्याचं ब्रीद आहे 'क्रॉसरोड्स ऑफ अमेरिका', १९३७ पासूनचं. इंडियानापोलिसला ६५, ६९, ७० आणि ७४ असे चार महामार्ग भेटतात, आणि तुमच्या प्रत्येक माहितीपत्रकावर तो नकाशा असतो. खरं आहे, आपण अमेरिकेचा चौक आहोत. पण चौकातून गाड्या नुसत्या जातात. माणूस थांबतो तो कुणी ओळखीचा दिसला, कुणी नावाने हाक मारली तर.

दादांचा बेत मोडलेला नाही. दिवाळीनंतर ते पुन्हा येणार आहेत, आणि यावेळी त्यांनी सेटरला आणि त्याच्या बायकोलाही बरोबर आणायचं ठरवलं आहे, नुसतं गाव पाहायला. मी त्यांना वाचनालयासमोरची कमान दाखवणार आहे, झाहाराकोसमध्ये आइस्क्रीम खायला नेणार आहे, आमच्या शाळेत नेणार आहे, आणि नाशिकच्या डॉक्टरीणबाईंशी सेटरच्या बायकोची गाठ घालून देणार आहे. सोमवारी सकाळी ती शेड पुन्हा पाहायची आहे. त्या वेळी तुमच्याकडचं कुणीतरी आमच्यासोबत तिथे असावं. कोण येईल, त्यांचं नाव आणि फोन नंबर तेवढा कळवा. पितळी बुश अजून माझ्या खिडकीत ठेवलेला आहे. त्यांना दाखवायला तो मी घेऊन येईन.

कळावे,

आपली नम्र,
कोलंबसमध्ये तेरा वर्षं राहणारी, कर्वेनगरची एक अभियंता